खारपाणपट्ट्यातून ‘ड्यून’ : मालिकेतील कादंबरीच्या मूल्यमापनाचा एक प्रश्न

१

फ्रँक हर्बर्ट (१९२०-१९८६) या अमेरिकन लेखकाची ‘ड्यून’ ही कादंबरी १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी १९६३ ते १९६५ या काळात ‘अ‍ॅनलॉग’ या मासिकातून ती दोन खंडांत क्रमशः छापली गेली होती. वीसहून अधिक प्रकाशकांनी परत केलेले हे हस्तलिखित अखेर चिल्टन या संस्थेने स्वीकारले; ही संस्था मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होती. १९६६ मध्ये या कादंबरीला विज्ञानकथेच्या क्षेत्रातील दोन प्रमुख पारितोषिके लाभली. वाचकांच्या मतांवर दिले जाणारे ह्यूगो पारितोषिक तिला रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबरीबरोबर विभागून मिळाले, आणि विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने नव्याने सुरू केलेल्या नेब्युला पारितोषिकाची ती कादंबरीविभागातील पहिली मानकरी ठरली. पुढे हर्बर्ट यांनी ‘ड्यून मसाया’ (१९६९), ‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’ (१९७६), ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’ (१९८१), ‘हेरेटिक्स ऑफ ड्यून’ (१९८४) आणि ‘चॅप्टरहाऊस : ड्यून’ (१९८५) अशा आणखी पाच कादंबऱ्या लिहिल्या. एका पारितोषिकप्राप्त कादंबरीची अशा रीतीने सहा ग्रंथांची मालिका झाली.

या मालिकेमुळे समीक्षेपुढे एक प्रश्न उभा राहतो. पारितोषिक मिळाले ते पहिल्या ग्रंथाला; परंतु त्या ग्रंथाचा जो अर्थ आज अभ्यासक मान्य करतात, तो बव्हंशी दुसऱ्या व तिसऱ्या ग्रंथांच्या आधारे सिद्ध केला जातो. पहिला ग्रंथ एकटा वाचला, तर ती एका राजपुत्राच्या सूडाची व विजयाची गाथा वाटते. मालिकेच्या संदर्भात वाचला, तर तीच कथा वीरपूजेविरुद्धचा इशारा ठरते. स्वतः हर्बर्ट यांनीही हा इशारा हेच आपले प्रयोजन असल्याचे पुढे अनेकदा सांगितले. मग मूल्यमापन कोणत्या ग्रंथाचे करावयाचे? १९६५ साली वाचकाच्या हाती आलेल्या ग्रंथाचे, की उत्तरभागांच्या प्रकाशात नव्याने दिसणाऱ्या ग्रंथाचे? उत्तरभागाने दिलेला अर्थ पूर्वभागाच्या पदरी टाकणे कितपत न्याय्य आहे?

प्रस्तुत लेखाचा हेतू या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतर्गत पुराव्यावरून शोधणे हा आहे. तो पुरावा नायकाच्या चरित्रात शोधण्याचा प्रघात आहे. तो पाण्याच्या हिशेबात अधिक स्पष्ट सापडतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

कथानकाची रूपरेषा थोडक्यात अशी. अराकिस हा ओसाड, वाळवंटी ग्रह. ‘मेलांज’ नावाचा एक मसाल्यासारखा पदार्थ केवळ याच ग्रहावर सापडतो. तो आयुष्य वाढवितो, आणि त्याच्या सेवनाने येणाऱ्या दृष्टीशिवाय अंतराळातील नौका चालू शकत नाहीत. त्यामुळे अराकिसवर ज्याचा ताबा, त्याच्या हाती साम्राज्याची नाडी. सम्राट हा ग्रह हार्कोनेन घराण्याकडून काढून लेटो अट्राइडीज या सरदाराकडे सोपवितो; हेतू हा की, लोकप्रिय होत चाललेल्या या सरदाराचा तेथे काटा काढावा. विश्वासघात होतो, लेटो मारला जातो, आणि त्याचा पुत्र पॉल आपल्या आईसह वाळवंटात आश्रय घेतो. तेथील मूळ रहिवासी फ्रेमेन यांच्यात तो वाढतो, त्यांच्या भविष्यकथेतील तारणहार म्हणून मान्यता पावतो, आणि त्यांच्याच बळावर सम्राटाचा पराभव करून सिंहासन मिळवितो.

एवढ्यावरून कादंबरी परंपरागत वीरकथेच्या साच्यातील वाटेल. परंतु या साच्यात लेखकाने तीन गोष्टी बसविल्या आहेत. पहिली ही की, तारणहाराची भविष्यकथा फ्रेमेनांच्या श्रद्धेतून उगवलेली नाही. बेने गेसेरिट या स्त्रीसंघाने आपल्या सोयीसाठी शतकांपूर्वी ती तेथे पेरलेली आहे. दुसरी ही की, आपल्या नावाने पुढे भयंकर धर्मयुद्ध पेटणार हे पॉलला आधीच दिसते आणि तरीही ते त्याला टाळता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पाणी. पहिल्या दोहोंची चर्चा पुष्कळ झाली आहे. तिसरीकडे मात्र बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच पाहिले जाते.

वस्तुतः कादंबरीचे बीज तेथेच आहे. १९५७ साली पत्रकार या नात्याने हर्बर्ट ओरेगॉन राज्यातील फ्लॉरेन्स या किनारी गावी गेले होते. सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या गवत लावून स्थिर करण्याचा सरकारी प्रयोग तेथे चालू होता. त्यावरचा नियोजित लेख पुरा झालाच नाही. पण वाळू, वारा, वनस्पती आणि मनुष्य यांच्या परस्परावलंबनाचा विषय मनात राहिला आणि त्यातून कादंबरी वाढली. ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टांपैकी पहिले अराकिसच्या परिस्थितिविज्ञानाविषयी आहे, आणि अर्पणपत्रिका कोरडवाहू प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना उद्देशून आहे. तेव्हा पाणी हे या कथेचे नेपथ्य नसून तिचा आशय आहे, असे मानावयास ग्रंथातच आधार आहे.

३

वाङ्मयकृतीचा अर्थ वाचकाच्या अनुभवप्रदेशावरही अवलंबून असतो. समशीतोष्ण देशातील ज्या वाचकवर्गाने ‘ड्यून’चे प्रथम स्वागत केले, त्याच्या दृष्टीने पाण्याची टंचाई ही कल्पनासृष्टीतील नवलाई होती. वऱ्हाडातील वाचकाची गोष्ट निराळी आहे. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा आहे. तिकडच्या विहिरींना गोडे पाणी लागते आणि बागायत होते. दक्षिणेस पूर्णा नदीकडे उतरत जावे, तसतसा खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळी, खोल आणि कसदार आहे, पाऊसही अगदीच तुटपुंजा नाही, आणि भूगर्भात पाणीही आहे. परंतु ते खारे आहे. ते पिण्यास अयोग्य आहेच, शिवाय ओलितासाठी वापरल्यास क्षारांमुळे काळ्या मातीची घडण बिघडते, ती पाणी जिरू देत नाही, आणि पिकाला जगविण्यासाठी दिलेले पाणीच अखेरीस जमिनीला मारते.

ज्याने एका तालुक्याच्या सीमेत गोडी आणि खारी विहीर पाहिली आहे, तो वाचक ‘ड्यून’मधील एका तपशिलापाशी थबकल्याशिवाय राहणार नाही. अराकिसचा पहिला ग्रहशास्त्रज्ञ पारडॉट काइन्स हा या वाळवंटात कधीकाळी पाणी होते की नाही, याचा शोध घेत असतो. वादळाने त्याचे विमान मार्गाबाहेर फेकले जाते, आणि त्याला खाली मिठाचे एक विस्तीर्ण मैदान दिसते. जेथे मीठ साठले आहे तेथे एके काळी उघडे पाणी असले पाहिजे. तेव्हा प्रश्न पाणी आहे की नाही हा नसून, असलेले पाणी कोठे अडकले आहे, हा आहे. पुढे उलगडते ते असे की, त्या ग्रहावरील प्रचंड वाळूकृमींची बाल्यावस्थेतील पिढी जमिनीखाली पाणी कोंडून धरते, आणि त्याच जीवचक्रातून मेलांज निर्माण होतो. पाण्याचा अभाव आणि संपत्तीचा उगम ही एकाच चक्राची दोन अंगे आहेत.

खारपाणपट्ट्यातील वाचकाला हे तर्कशास्त्र परके नाही. भूमीखाली असलेले पाणी उपयोगी पडत नाही, हे त्याच्या नित्याच्या परिचयाचे आहे. म्हणूनच तो नायकाच्या मागे न जाता पाण्याच्या मागे जाण्याची शक्यता अधिक. आणि पाण्याच्या मागे गेल्यास ही कादंबरी वेगळी दिसू लागते.

४

कादंबरीत पाण्याचे तीन स्वामी क्रमाने येतात : जमात, शास्त्रज्ञ आणि राजा. या तीन स्वामित्वांतील फरक हाच ग्रंथाचा खरा युक्तिवाद आहे.

अट्राइडीज घराणे अराकिसवर येते, तेव्हा त्यांच्या वाड्याच्या आवारात वीस खजुराची झाडे उभी असतात. रस्त्याने जाणारे लोक त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहतात, तिचा अर्थ एका साध्या गणिताने सांगितला जातो. एका झाडाला दिवसाला ४० लिटर पाणी लागते. एका माणसाला ८ लिटर पुरते. म्हणजे एक झाड पाच माणसांबरोबर, आणि वीस झाडे शंभर माणसांबरोबर. येथे लेखकाने करुणरसाची कोणतीही सामग्री जमविलेली नाही; केवळ भागाकार मांडला आहे. त्यानंतरच्या मेजवानीच्या प्रसंगात पूर्वापार चालत आलेली एक रीत दिसते. पाहुण्यांनी हात धुऊन पाणी जमिनीवर सांडावयाचे, पंचे भिजवून टाकावयाचे, आणि त्या पंच्यांतून पिळलेले पाणी दाराशी उभ्या असलेल्या भिकाऱ्यांना मिळावयाचे. लेटो ही रीत बंद करून येईल त्याला पेलाभर पाणी देण्याची आज्ञा करतो. हे औदार्य खरेच आहे. परंतु देणारा मालक आणि घेणारा याचक हे नाते त्याने बदलत नाही.

फ्रेमेनांच्या जीवनात हे नातेच नाही. देहातून जाणारा ओलावा परत गोळा करणारा पोशाख ते घालतात. मृताच्या देहातील पाणी जमातीचे होते. द्वंद्वात पॉलच्या हातून जेमिस हा पुरुष मारला जातो, तेव्हा त्याच्या देहातील ३३ लिटरांहून थोडे अधिक पाणी मोजून पॉलच्या नावे लावले जाते आणि त्याबद्दल धातूची कडी दिली जातात. पाणी व्यक्तीच्या नावावर असते, पण साठा सर्वांचा असतो. जेमिसच्या अंत्यविधीत पॉलच्या डोळ्यांतून अश्रू येतात, आणि मृताला पाणी दिले म्हणून जमात स्तब्ध होते. डोळ्यांतील पाणी हेही पाणीच, या एका जाणिवेतून संपूर्ण संस्कृती उभी करणे, हे हर्बर्ट यांच्या प्रतिभेचे निर्विवाद यश मानावे लागेल.

या जमातीने खडकांच्या पोटात गुप्त टाकी साठविली आहेत. त्यांपैकी एकाच टाक्यात तीन कोटी ऐंशी लक्ष डेकालिटरांहून अधिक पाणी आहे. तहानेने प्राण जात असला, तरी त्याला कोणी हात लावीत नाही. कारण ते पाणी आजच्या माणसासाठी नसून, ग्रह हिरवा होईल त्या दिवसासाठी आहे.

५

हा दिवस उगवावा म्हणून आखलेली योजना पारडॉट काइन्सची. वाऱ्यातील बाष्प पकडणारे सापळे, दव टिपणारी साधने, टेकड्यांच्या उतारावर गवत, मग झुडपे, मग झाडे असा तिचा क्रम आहे, आणि तिला ३०० ते ५०० वर्षे लागणार आहेत. योजनेत काम करणारा कोणीही तिचे फळ पाहणार नाही. शास्त्रज्ञ येथे मालक नाही. तो मोजणारा आणि सांगणारा आहे, आणि काम सर्व जमातीचे आहे. त्याचा पुत्र लाएट काइन्स हे कार्य पुढे चालवितो. हार्कोनेन त्याला पोशाखाविना वाळवंटात मरावयास सोडतात, तेव्हा भ्रमावस्थेत त्याला मृत पित्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज त्याला बजावतो की, आपल्या लोकांवर एखाद्या वीराच्या हाती पडण्याइतकी भीषण आपत्ती दुसरी नाही.

हे स्थळ अत्यंत महत्त्वाचे आहे. पॉल त्या क्षणी वीर झालेला नाही. तो जीव वाचविण्यासाठी पळतो आहे, आणि वाचकाची सारी सहानुभूती त्याच्याकडे आहे. नेमक्या अशा वेळी, पाण्याच्या योजनेच्या जनकाकडून, लेखक वीराविषयीचा इशारा देवून ठेवतो. ‘ड्यून मसाया’ प्रसिद्ध होण्याच्या चार वर्षे आधी हा इशारा छापला गेला होता. उत्तरभागाने तो नव्याने निर्माण केला, असे म्हणता येणार नाही.

त्याची प्रचीती पहिल्या ग्रंथाच्या शेवटीच येते. पराभूत सम्राटासमोर उभा राहून पॉल अराकिसवर वाहते पाणी व हिरवळ आणण्याचे वचन देतो. परंतु त्याच दमात तो सांगतो की, मेलांजचाही विचार करावयाचा असल्याने अराकिसवर वाळवंट कायम राहील. विजयाच्या जल्लोषात हे वाक्य सहज निसटून जाते. पण पाण्याचा माग घेत आलेल्या वाचकाला त्यात एक मोठे स्थित्यंतर दिसते. पिढ्यान्‌पिढ्या तहान मारून जमातीने जे स्वप्न साठविले, ते आता राजाच्या देणगीचा विषय झाले आहे. किती हिरवे करावयाचे आणि किती वाळवंट ठेवावयाचे, हे यापुढे टाक्यांचे रक्षण करणारी जमात ठरविणार नाही, सिंहासन ठरवील. मेजवानीच्या दाराशी पेलाभर पाणी देणारा लेटो आणि ग्रहाला पाण्याचे वचन देणारा पॉल यांत, देणगीच्या आकाराव्यतिरिक्त, तत्त्वतः भेद उरत नाही.

येथे तेल्हाऱ्याच्या वाचकाला कादंबरीतील एक उणीवही जाणवेल. फ्रेमेनांच्या साठविण्याचे वर्णन अतिशय सूक्ष्म आहे. रोजच्या वापरातील पाणी कसे मोजले जाते, हेही ग्रंथ सांगतो. परंतु योजना सिद्धीस गेल्यावर टाक्यांतील पाणी कोणाच्या वाट्याला किती यावयाचे, याविषयी जमातीत कधी चर्चा झालेली दिसत नाही. साठविण्यावर एकमत होणे सोपे असते. वाटण्यावर ते होत नाही. वारी येथे वान नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी तेल्हारा भागातील शेतीला द्यावयाचे, की दूरच्या गावांना व शहरांना पिण्यासाठी राखून ठेवावयाचे, हा वाद अलीकडच्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आंदोलनापर्यंत गेला. या वादात एकीकडे दुष्टांचे व दुसरीकडे सुष्टांचे सैन्य नाही. ओलितावाचून वाळणारे पीक आणि खाऱ्या पाण्यावर दिवस काढणारे गाव, या दोहोंची मागणी न्याय्य आहे. अशा प्रसंगी उत्तर मिळते ते वादातून, मोजमापातून आणि तडजोडीतून. आणि ते कोणालाही पूर्णपणे समाधानकारक नसते.

‘ड्यून’च्या सृष्टीत या वादाला जागा नाही. अन्याय करणारे सारे बाहेरचे आहेत आणि आतील सारे एकदिलाचे आहेत. वाटपाचा प्रश्न जमातीने आपसांत सोडविण्याची रीतच नसल्यामुळे तो सोडविणारा कोणी तरी वरून यावा लागतो, आणि तो पॉलच्या रूपाने येतो. वीराच्या आगमनाचे खरे कारण पेरलेल्या भविष्यकथेइतकेच या रिकाम्या जागेतही आहे. लेखकाला ही जागा जाणीवपूर्वक दाखवावयाची होती, की ती त्याच्या नजरेतून सुटली, याचा निर्णय पहिल्या ग्रंथावरून करता येत नाही. मालिकेचे महत्त्व येथे सुरू होते.

६

‘ड्यून मसाया’ची कथा बारा वर्षांनंतरची आहे. पॉलच्या नावाने लढल्या गेलेल्या धर्मयुद्धात ६१ अब्ज माणसे मेली आहेत, आणि पॉल स्वतःची तुलना चंगीझखान व हिटलर यांच्याशी करतो. या प्रचंड आकड्यापेक्षा एका गौण पात्राची आठवण अधिक परिणामकारक आहे. फारोक नावाचा वृद्ध फ्रेमेन या युद्धात गेला होता. धर्मासाठी म्हणून नव्हे, तर समुद्र नावाची वस्तू खरोखर असते का, हे पाहण्यासाठी. त्याने समुद्र पाहिला, त्यात तो उतरला, त्याचे पाणी प्याला आणि आजारी पडला. तरी त्याचा विस्मय ओसरला नाही. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या संस्कृतीतील माणूस अपार पाण्यापर्यंत पोहोचतो आणि ते पिता येत नाही, हे दृश्य खारपाणपट्ट्यातील वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. वीराने दिलेल्या वचनाची चव या एका घोटात उतरली आहे.

‘चिल्ड्रन ऑफ ड्यून’मध्ये ग्रह खरोखरच हिरवा होऊ लागतो. परंतु पाणी वाळूकृमींना विषासमान असल्याने ते नाहीसे होऊ लागतात, मेलांजचा उगम आटू लागतो, आणि पाण्याची शिस्त सुटलेली फ्रेमेन पिढी आपले सत्त्व गमावते. ‘गॉड एम्परर ऑफ ड्यून’मध्ये, साडेतीन हजार वर्षांनंतर, वाळवंट केवळ राखून ठेवलेल्या एका प्रदेशापुरते उरले आहे, आणि पॉलचा पुत्र लेटो हा स्वतःच अर्धा कृमी होऊन राज्य करीत आहे. पाण्याचा तिसरा स्वामी, म्हणजे राजा, अशा रीतीने पाण्याच्या शत्रूशी एकरूप झाला. पहिल्या ग्रंथाच्या अखेरीस पॉलने सहज उच्चारलेल्या अटीचा हा शेवटचा परिणाम होय.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल. मालिकेतील उत्तरभाग पूर्वभागाच्या अर्थाला पुष्टी देऊ शकतो, त्याकडे लक्ष वेधू शकतो. परंतु पूर्वभागात नसलेला अर्थ तो पुरवू शकत नाही. जे बीज पहिल्या ग्रंथात दाखविता येते, तेवढेच त्याच्या खाती जमा करावे. या कसोटीने पाहता वीरपूजेविरुद्धचा इशारा पहिल्या ‘ड्यून’च्या खाती निश्चितपणे जमा होतो, काइन्सचा मृत्युप्रसंग आणि पॉलचे अखेरचे वचन हे त्याचे दोन भक्कम पुरावे होत. धर्मयुद्धाची मानवी किंमत मात्र त्याच्या खाती जमा करता येत नाही. पहिल्या ग्रंथात ती पॉलच्या दृष्टान्तांपुरती राहते. ती भोगणारा एकही मनुष्य वाचकाला भेटत नाही. फारोक दुसऱ्या ग्रंथाचा आहे, आणि त्याचे श्रेय दुसऱ्या ग्रंथालाच दिले पाहिजे.

लाखो वाचकांनी इशारा न ऐकता वीरगाथाच ऐकली, याचा दोषही सर्वस्वी वाचकांवर टाकता येत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी राजकन्या इरुलानच्या ग्रंथांतील म्हणून जे उतारे दिले आहेत, ते पॉलला इतिहासपुरुषाच्या उंचीवरूनच दाखवितात. हार्कोनेन प्रमुखाचे चित्रण इतके भडक आहे की, त्याच्या विरोधात उभा राहणारा कोणीही उजळ वाटावा. शेवट द्वंद्वयुद्धाने होतो, आणि द्वंद्वयुद्धात वाचक बाजू घेतोच. विचार एका दिशेला आणि रचना दुसऱ्या दिशेला, असा हा अंतर्विरोध आहे. १९८४ मधील डेव्हिड लिंच यांच्या चित्रपटात अराकिसवर अखेरीस पाऊस पडतो आणि नायक खराच तारणहार ठरतो, ही त्या रचनेचीच परिणती म्हणावी लागेल. २०२१ व २०२४ च्या दोन चित्रपटांत दनी व्हिलनव्ह यांनी पहिलीच कथा सांगताना चानीला संशयाचा आवाज दिला. उत्तरभागाची दृष्टी पूर्वभागात आणल्याशिवाय इशारा ऐकू जात नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

७

मराठी अभ्यासकाला या चर्चेचा उपयोग काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. ज्या १९६६ साली ‘ड्यून’ला पारितोषिके मिळाली, त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेच्या १९७४ मधील विज्ञानरंजन कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला प्रथम पारितोषिक मिळाले. ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने जयंत नारळीकर यांनी पाठविली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले हे नाव, लेखनाची परीक्षा लेखकाच्या कीर्तीवाचून व्हावी, या हेतूचे द्योतक आहे. मराठी विज्ञानकथेची जडणघडण स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक यांतून झाल्यामुळे तिचा कल लघुकथेकडे राहिला. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत यंत्रमानवाला वामनाचे नाव देऊन, लहानसे पाऊल त्रिभुवन कसे व्यापू शकते, याची सूचना केलेली आहे. परंतु ती सूचना एकाच ग्रंथात आरंभते आणि तेथेच पुरी होते. लेखकाला आपल्या पहिल्या ग्रंथाशी वाद घालण्याची संधी मालिका देते. एकटी कादंबरी ती देत नाही.

मालिका मराठीला अपरिचित आहे, असे मात्र नव्हे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ (१९७५-१९७९) या चार कादंबऱ्या चांगदेव पाटील या एकाच व्यक्तीचा मागोवा घेतात. तेथेही ‘बिढार’चे मूल्य ठरविताना ‘झूल’चा आधार किती घ्यावयाचा, हा प्रश्न येतोच, आणि वर सुचविलेली कसोटी तेथेही लावून पाहता येईल. विज्ञानकादंबरी रंजनप्रधान आहे, म्हणून तिला या कसोटीबाहेर ठेवण्याची प्रथा सोडली पाहिजे. कारण रंजनाच्या आवरणाखाली समाजाच्या संपत्तीचे स्वामित्व कोणाकडे असावे, हा गंभीर प्रश्न तीही विचारते.

‘ड्यून’ने तो प्रश्न पाण्याच्या निमित्ताने विचारला. त्याचे उत्तर तिने दिलेले नाही. किंबहुना जमातीने आपसांत वाटपाची रीत घडविली नाही, तर उत्तर देण्यासाठी राजा येतो आणि मग तो परत जात नाही, एवढेच तिने सहा ग्रंथांच्या विस्तारात दाखविले. पारितोषिक एका ग्रंथाला मिळाले, ते अयोग्य नव्हते. परंतु ग्रंथ पुरता वाचला जाण्यासाठी, पॉल कोणत्या दिशेने गेला हे न पाहता टाक्यांतील पाणी कोणाच्या हाती गेले हे पाहणारा वाचक हवा. पूर्णेच्या खोऱ्यात, जेथे विहीर खणणाऱ्याला पाणी लागले एवढ्याने आनंद होत नाही, ते चाखून पाहावे लागते, तेथे असा वाचक मिळणे कठीण नाही.